हातावरचा निळा शिक्का

मी माझ्या पोरीला फसवलं. आणि फसवून झाल्यावर, भरल्या बैठकीत, तिलाच खोटं पाडलं. दोन्ही कामं माझीच. आजवर हे मी कोणापाशी बोललो नाही — बायकोपाशी नाही, आणि धंद्यातलं सगळं ज्याला माहीत असतं त्या नामदेवपाशीही नाही.

तुम्हाला सांगायला बसलो आहे, पण सवय आड येते. मला आधी दुसऱ्याची चूक सांगावीशी वाटते. साडूची, नागपूरच्या त्या टूरवाल्याची. सांगतो, तेही सांगतो. त्याशिवाय माझ्या तोंडून पुढचं निघणार नाही.

मी पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी. बापाची एक सायकल होती, बाकीचं मी उभं केलं. आमच्या धंद्यात फळ झाडावर असतानाच, नुसतं डोळ्यांनी पाहून, अख्खा बगीचा घ्यायचा असतो. तिगावच्या बाजूला कुठल्या बगीच्यात गेलो की माझा माणूस नामदेव आधी फिरतो आणि मुद्दाम चढा भाव बोलून जातो. शेतकरी खूश होतो, चहा सांगतो, मनातून सौद्याला तयार होतो. मग मी नामदेववर भडकतो. "याचं काय ऐकता भाऊ? हा मनचं जोडून राहिला. याला काय समजते?" नामदेव मान खाली घालतो. शेतकऱ्यालाच त्याची दया येते, आणि बोलणी हळूहळू माझ्या भावावर येतात. परत येताना गाडीत नामदेव हसतो. म्हणतो, "शेठ, आज जरा जास्तच झापलं." मीही हसतो. हा पदरचं रचून सांगतो असं म्हणून आपल्याच माणसाचा शब्द सगळ्यांसमोर खोडायचा, ही आमची रीत. त्याला माहीत असतं की हा खेळ आहे, म्हणून त्याला ते लागत नाही.

तर साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, नागपूरला सरकारी नोकरीत. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झालेलं नव्हतं. कस्तुरी, माझी पोरगी, सहा वर्षांची होती. दिवाळीनंतर आम्ही सगळे सौंसरला मामाजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, जमलो होतो. साडू नुकताच सिंगापूरहून आला होता. आल्यापासून त्याचा फोन या हातातून त्या हातात फिरत होता. हा फोटो, तो फोटो. कस्तुरी त्याच्या खांद्याला रेलून पाहत होती. फोटो संपले की म्हणायची, "मोठेबाबा, पुन्हा पहिल्यापासून दाखवा ना."

साडू माझ्याकडे पाहून म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही बी निघत जा कधी पांढुर्ण्याच्या बाहेर. संत्रे काही पळून नाही जात."

सगळे हसले. त्यात चिडण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण मी चिडलो. म्हटलं, "या हिवाळ्यात जाऊन राहिलो ना आम्ही विदेशात. काय कस्तुरी?"

माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात नागपूरच्या एका टूरवाल्याच्या दुकानात गेलो. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी नेहमीसारखं केलं — हसलो, मान हलवली आणि उठलो. उठलेल्या गिऱ्हाईकाला पायरीवरून परत बोलवतात, निदान आमच्याकडे तरी. मी दाराबाहेर चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावला. एक पाय घातला. दुसरा घातला. आतून हाक आली नाही. वळून पाहिलं तर तो टूरवाला दुसऱ्या माणसाला हॉटेलचे फोटो दाखवत होता. आता स्वतःहून परत कसं जायचं? भाव गेला तरी चालेल, पण पायरी पुन्हा चढायची? नाही चढलो. त्या माणसाचा मला इतकी वर्षं राग होता. एक हाक मारली असती तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. पण त्यानं काऊन मारावी हाक?

डिसेंबर लागला. कस्तुरी रोज विचारायची, "बाबा, विदेश केव्हा?" अशात कोणीतरी फोनवर एक यादी पाठवली — मुलाबाळांना घेऊन जाण्यासारखी जवळची ठिकाणं, जिथं विदेशात गेल्यासारखं वाटतं. त्यात एक सातपुड्यातलं होतं, छिंदवाड्याच्या पलीकडे, आपल्या गाडीनं सकाळी निघून दुपारपर्यंत पोचण्यासारखं. उतरत्या छपरांची लाकडी घरं, पवनचक्की, तळ्यात पांढरी बदकं. मी लगेच खोली सांगून ठेवली.

इथवर काय वाईट होतं? हेच मला खातं. तिथवर काहीच वाईट नव्हतं. "बेटा, विदेश लांब आहे, ते नंतर पाहू, आधी हे पाहून येऊ," एवढं म्हटलं असतं तर ती रुसली असती का? सहा वर्षांच्या लेकराला बदकं हवी असतात. ती कोणत्या देशातली आहेत याच्याशी तिला काय करायचं होतं? देश मला हवा होता. साडूच्या तोंडावर परत फेकायला.

सौंसर गेलं, रामाकोना गेलं, घाटात धुकं लागलं आणि ती झोपली. जाग आली तेव्हा गाडी त्या फाटकासमोर उभी होती. तिनं डोळे चोळत विचारलं, "आलं का विदेश?" मी म्हटलं, "आलं."

फाटकावरचा माणूस उंच टोपी घालून उभा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर तो निळा शिक्का मारत होता. कस्तुरीनं त्याला हिंदीत विचारलं, "अंकल, ये विदेश है ना?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मारला. तो म्हणाला, "हाँ बिटिया, पूरा विदेश." आणि तिच्या डाव्या हातावर शिक्का उठवला.

बायको मागून हळूच म्हणाली, "अवो, असं नका सांगू तिला. उद्या ती कुठंबी बोलन."

"विसरून जाईल," मी म्हटलं. "लेकरू आहे."

दोन दिवस ती पोरगी जमिनीवर नव्हती. खरं सांगतो, इतकी आनंदात मी तिला नंतर कधी पाहिली नाही. पवनचक्कीखाली उभी राहून तिच्या पात्यांबरोबर मान फिरवायची. बदकांशी हिंदीत बोलायची, कारण ती विदेशी होती आणि त्यांना मराठी येणार नाही असं तिचं म्हणणं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर टोपलीत संत्री होती. तिनं एक उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाली, "बाबा, हे तर आपले संत्रे हाय." मी छाती फुगवून सांगितलं, "मग? आपला माल विदेशात येते." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की काय सांगू. मोठ्या सौद्यातही मी कधी इतका खूश झालो नव्हतो.

फोटो बायकोनं काढले, पण ते कोणाला पाठवायचे नाहीत असं मी बजावलं. फोटोंत मागे ठिकाणाच्या नावाची पाटी दिसायची. बघा, किती पुढचा विचार करत होतो मी.

परत आल्यावर ती आठवडाभर डावा हात पाण्यात घालू देत नव्हती. शिक्का पुसट होत गेला तशी रडायला लागली, तर बायकोनं निळ्या पेनानं तो गिरवून दिला. ती गल्लीत सांगायची, शाळेत सांगायची. लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायचे. मी हो म्हणत नव्हतो, नाहीही म्हणत नव्हतो. मला ते आवडत होतं.

आता ते सांगायचं आहे.

होळीनंतर सौंसरला माझ्या साळ्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मामाजींच्या बैठकीत गाद्यांवर पुरुषमंडळी बसलेली. मुलीकडचे पाहुणे समोर, त्यातले दोघं मोठे बगीचेवाले, ज्यांचा माल पुढच्या बहाराला मला हवा होता. बायका आत होत्या, माझी बायकोही आतच होती. फक्त थोरली मेहुणी पानाचं ताट घेऊन दारात उभी. कस्तुरी नवा परकर घालून इकडून तिकडे फिरत होती. साडूनं तिला जवळ बोलावलं.

"काय बाई, तू बी विदेशात जाऊन आली म्हणते. कोणता देश पाह्यला?"

"विदेश," ती म्हणाली. "तिथं पवनचक्की होती. अन् पांढरे बदकं. अन् हातावर शिक्का मारते तिथं."

"हातावर?" साडू हसला. "शिक्का पासपोर्टवर मारते बेटा. विमानात कुठं बसली होती, खिडकीपाशी?"

"विमान नाही, आमच्या गाडीनं गेलो."

अख्खी बैठक हसली. एक पाहुणा म्हणाला, "चांगलं हाय बाप्पा, पेट्रोलवर विदेश." मग अजून हसले. तिला कळेना की हसायला काय झालं. तिनं बाही वर करून डावा हात पुढं केला. त्यावर आता काही नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

"बाबा, सांगा ना यांना. गेलो होतो ना आपण?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. साडू, मामाजी, ते दोघं बगीचेवाले. एक वाक्य पुरत होतं. "गेलो होतो, सातपुड्यात. विदेश म्हणून मीच सांगितलं तिला." लोक मला हसले असते. किती वेळ हसले असते? चहा येईपर्यंत?

मी म्हटलं, "हिचं काय ऐकता? मनचं जोडून राहिली ते. टीव्हीत पाह्यलं असन कुठं."

तोंडातून तसंच निघालं, जसं बगीच्यात निघतं. तोच आवाज, तोच हात झटकणं. पण ती नामदेव नव्हती. तिला खेळ माहीत नव्हता.

मेहुणी दारातून म्हणाली, "असं खोटं बोलू नये बेटा, पाहुण्यांसमोर."

कस्तुरी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाही खाली केली. म्हणाली, "हो मोठीमाय. मी खोटं बोलली."

तिनं मला वाचवलं की तिला खरंच वाटलं की आपण जोडलं? हे मला आजपर्यंत माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

बायको माहेरी थांबणार होती. कस्तुरीची परीक्षा होती म्हणून आम्ही दोघंच गाडीनं पांढुर्ण्याला निघालो. ती शेजारच्या सीटवर. सौंसर मागं पडल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आपण गेलोच नव्हतो का?"

तेव्हाही जागा होती. गाडीत कोण होतं ऐकायला? ना साडू, ना पाहुणे. मी हॉर्न वाजवला. समोर रस्ता रिकामा होता. पुन्हा वाजवला. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आईलाही तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. बदकांचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

त्या वर्षी दोन्ही बगीचे मला मिळाले.

आता ती नागपूरला शिकते, एका घरी खोली घेऊन राहते. मागच्या महिन्यात घरमालकिणीनं तिला बोल लावला की गच्चीचा नळ तिनं उघडा ठेवला, खालच्या खोलीत पाणी गेलं, गाद्या भिजल्या. त्या दिवशी कस्तुरी पांढुर्ण्याला होती, माझ्या समोर बसून जेवत होती. तरी पोरीनं माफी मागून टाकली. मला कळलं तसा मी गाडी काढली. त्या बाईच्या दारात उभा राहून मी असा आवाज चढवला की शेजारचे बाहेर आले. जी पोरगी इथं नव्हतीच, तिच्याकडून तुम्ही कबुली घेतलीच कशी? जाब द्या मला.

ती बाई शांतपणे म्हणाली, "अहो, मी दोनदा विचारलं तिला. तीच म्हणाली माझ्याकडून राहिला असेल. निर्दोष पोरगी असं कशाला म्हणेल? तुम्हीच सांगा."

मी कस्तुरीकडे वळलो. "तू बोलली काऊन नाही? इथं नव्हतीच म्हणून सांगायचं ना."

"सांगून काय होते बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "समोरचा म्हणन, मनचं जोडून राहिली."

माझाच शब्द. माझ्याच चालीत. आणि ती मला टोमणा मारत नव्हती — तिच्यासाठी जग असंच चालतं, एवढंच सांगत होती. मी त्या बाईकडे पाठ फिरवली. मग गाडीत येऊन बसलो. राग यायचा तसा येत होता, पण तो टाकायला माणूस सापडेना. साडूनं थट्टा केली होती, सगळे करतात. टूरवाल्यानं हाक मारली नव्हती. फाटकावरच्या माणसानं माझा इशारा पाळला होता. मेहुणीनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मग राहिलं कोण?

मी तिची माफी मागणार नाही. मागितली तर ती लगेच देईल. "जाऊ द्या बाबा, माझंच काही चुकलं असन," म्हणेल. तेच तर मी तिला शिकवलं आहे.

पण येत्या महिन्यात मामाजींची पंचाहत्तरी आहे. तीच बैठक, त्याच गाद्या, बहुतेक तीच माणसं. कस्तुरीही येणार आहे. तिथं मला कोणीतरी जाब विचारला पाहिजे. सहा वर्षांच्या पोरीला उलटसुलट विचारताना सगळ्यांना केवढा हुरूप होता. आता मला विचारा. साडूभाऊ, तुम्हीच विचारा, तुमचा तो हक्क आहे. पोरगी त्या दिवशी खरं बोलत होती की नाही? गाडीनं गेली होती की नाही? हातावर शिक्का होता की नाही? मला गादीवरून उठवा, तिच्यासमोर उभं करा आणि एका शब्दात उत्तर घ्या. आणि मी सवयीनं हसून, मान हलवून दाराकडे निघालो, तर या वेळी पायरीवरून हाक मारा.