गुलाबी इको

"हात काढ, अक्का."

"तू काढ. मी मोठी हाय."

"डबी माही हाय."

"असंन. तीन सालापासून माह्या माईकले लागेल हाय. इतक्या दिवसांत भाडेकरू बी मालक होते."

"वायर तुटंन, अक्का."

"तुटू दे. तुहीच तुटंन. माहं काय जाते?"

देऊळगाव राजाच्या विहारात, भर दुपारी, पंख्याखाली सतरंजीवर साठीची बहीण आणि सत्तेचाळिशीचा भाऊ एका डबीला दोन बाजूंनी धरून बसले होते. डबी लोखंडी, दोन साबणवड्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढी. रंग मुळात गुलाबी, कोपऱ्यांवरचा उडालेला. वर तीन बटणं फिरवायला, खाली पायानं दाबायची पट्टी. गिटार तिच्यातून गेली की सुराला इको लागायचा. जपानात कधी काळी बनलेली ही डबी देऊळगावच्या भीमगीत पार्टीत आली आणि इथलीच होऊन गेली.

ढोलकीच्या दोरीतल्या कड्या सरकवत दयाराम म्हणाला, "मी सांगू का? मंधातून कापा. अर्धी अक्काले, अर्धी प्रेमानंदले."

कोरसच्या दोघी बाया पदरात हसल्या. भावंडं हसली नाहीत.

"उद्या धाड गावाले जयंतीचा कार्यक्रम," चांगुणा म्हणाली, "अन् तुले आज डबी सुचली?"

"उद्याच्यासाठीच पाह्यजे. जालन्याचा रवी येऊन राह्यला माही गिटार आयकाले. त्याच्या अल्बमले गिटारवाला पाह्यजे. त्यानं आपली जुनी कॅसेट आयकली कुठी तरी. म्हणे, हाच आवाज पाह्यजे. अन् तो आवाज ह्या डबीतला हाय."

"मंग माह्या माईकले काय लावू? लिंबू-मिरची?"

"तुह्यासाठी नवी आणली न. कोरी करकरीत. डिजिटल हाय."

"तूच वाजव न नवीवर."

"त्याले जुना आवाज पाह्यजे."

"अन् माहा काय नवा हाय, बाप्पा?"

प्रेमानंदनं डबीवरची पकड घट्ट केली. त्याचा उजवा पाय मात्र सतरंजीवर हलतच होता.

प्रेमानंदला एका जागी बसता येत नाही हे गावाला माहीत आहे. नगरपरिषदेत तो नळाचे व्हॉल्व्ह सोडतो. खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी टाकून या गल्लीतून त्या गल्लीत फिरायचं, खड्ड्यात वाकायचं, चावी फिरवायची, पाणी सुटलं की पुढे. हे काम त्याला मानवलं ते खुर्ची नाही म्हणून. जेवायला बसला तरी मांडी हलत असते. त्याची बायको रेणुका म्हणते, "आधी पाय जेवू द्या, मंग तुम्ही जेवा." हा पाय थांबायचा तो गिटार हातात आली की, आणि गिटार ह्या डबीतून वाजली की. गेल्या तीन वर्षांत तो थांबलाच नव्हता.

डबी आली तेव्हा तो कॉलेजात होता. बालाजीच्या यात्रेत मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता. प्रेमानंद स्टेजच्या बल्लीला टेकून उभा. गिटारवाल्यानं एक सूर छेडला आणि तो सूर परत आला. मग आणखी एकदा, जरा लांबून. मग आणखी लांबून, धूसर होत. कुणी हाक मारत मारत शेताच्या धुऱ्यावरून पलीकडे निघून जावं तसा. कार्यक्रम संपेपर्यंत प्रेमानंद बल्लीपासून हलला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की गिटारवाला धंदा सोडून भावाच्या दुकानात बसायला गावी निघालाय आणि त्याला तिकडे फिरायला सायकल हवीय. बापानं, जानरावानं, कॉलेजला जायला घेऊन दिलेली सायकल प्रेमानंदनं तिथंच देऊन टाकली आणि डबी छातीशी धरून पायी घरी आला.

"सायकल कुठी हाय?" जानरावानं विचारलं.

"दिली."

"अन् हे काय हाय?"

"इको."

जानरावानं डबी उलटीसुलटी करून पाहिली. "घंटी बी नाई इले. बस हिच्यावर, अन् जा कॉलेजले."

पण संध्याकाळी पोरानं आपली गिटार डबीतून वाजवली तेव्हा जानराव ओट्यावर बसून ऐकत राहिला. पार्टीची पेटी तोच वाजवायचा. दुसऱ्या दिवशी पेटीच्या खोक्यात त्यानं डबीपुरता एक कप्पा ठोकून दिला. 

पुढे एकदा डबीतली तार तुटली. बस स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेल्या आसिमनं ती उघडली आणि तो बराच वेळ आत पाहत बसला.

"प्रेमभाई, स्लॅब टाकताना घमेलं कसं जाते? हातोहात. ये वैसाच है. एक हाथ आवाज लेता, दुसरे को देता, दुसरा तिसरे को. हर हाथ में थोडा थोडा सांडता है. तो आखरीवाला जरा रिकामा येते. अंधेरा, अंधेरा."

"सांडू नये असं नाई करता येत?"

"नया लो न. डिजिटल. उस में एक थेंब नहीं गिरता."

ते ऐकून प्रेमानंदला नव्याचं मोठं कौतुक वाटलं होतं. म्हणूनच आता त्यानं आसिमकडूनच नवी डबी मागवली होती. अक्काला कमी प्रतीचं द्यायचं नव्हतं त्याला.

गुलाबी डबी अक्काकडे गेली त्याची गोष्ट मात्र प्रेमानंदनं कधी कुणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी चांगुणाच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल हळूहळू. आलाही. पण वरच्या पट्टीत गेला की जुनं लुगडं टरकावं तसा फाटायचा. ऑपरेशननंतरचा पहिला कार्यक्रम सुलतानपूरला होता. चांगुणाचं नाव ज्या गाण्यानं झालं ते रमाईवरचं गाणं तिथं म्हणायचं होतं. त्यात 'माय' हा एकच शब्द वर चढवून लांबवायचा असतो आणि त्याच शब्दाला लोक उठून उभे राहतात. तिकडे स्टेजवर हारतुरे चालले होते आणि इकडे प्रेमानंदनं गिटारीची डबी उपसली, मिक्सरवर अक्काच्या माईकला जोडली. 'माय' फाटली, पण आधीचा सूर मागून आला, मऊ, गढूळ, आणि त्या फटीत बसला. कुणाला फट दिसली नाही. चांगुणालाही नाही.

स्टेजवरून उतरली ती डोळे पुसत. "आला रे प्रेम्या. माहा आवाज आला."

"हाव," प्रेमानंद म्हणाला.

तेवढंच. त्यानंतर तीन वर्षं डबी तिच्या माईकलाच राहिली. चांगुणाला ती आपली सजावट वाटायची, स्टेजवरच्या दिव्यांच्या माळेसारखी. आवाज उतरत गेला तसतसं प्रेमानंद एकेका कार्यक्रमात बटण केसभर पुढे सरकवत गेला. त्याची गिटार मात्र कोरडी झाली. छेडलेला सूर जागीच मरायचा आणि त्याचा पाय खाली हलत राहायचा. आता रवीचा फोन आला आणि त्याला वाटलं, इको तो इको. अक्काचं काम नवीवर भागेल, आपली आपल्याला मिळेल. भागेल असंच त्याला खरोखर वाटत होतं.

"एकदा लावून तर पाहा," दयाराम म्हणाला. "पसंत नाई पडली तर परत. उन्हाचं भांडून काय राह्यले?"

चांगुणानं हात काढला. "पसंत नाई पडली तर जुनी माही. दयाराम, आयकलं न?"

"आयकलं."

नवी डबी काळी होती, निळ्या दिव्याची. प्रेमानंदनं ती माईकला जोडली. गुलाबी डबी गिटारीला लावली, आणि राहवलं नाही म्हणून एक सूर छेडला. सूर गेला. परत आला, जरा लांबून, मग आणखी लांबून. प्रेमानंद मान खाली घालून ऐकत राहिला. त्याचा पाय थांबला होता.

"झालं तुहं?" चांगुणा म्हणाली. "का मी घरी जाऊन सैपाक करून येऊ?"

"घे, अक्का. रमाईचं घे."

तिनं घेतलं. खालच्या पट्टीत बरं चाललं. दयारामचा ठेका लागला, कोरसच्या बाया डोलायला लागल्या. मग 'माय' आली, वर चढली आणि फाटली. काळ्या डबीनं ती फाटलेली माय उचलली आणि जशीच्या तशी परत दिली. पुन्हा दिली. पुन्हा. एक थेंब कमी नाही. चांगुणा गायची थांबली तरी डबी आपली सांगतच होती. कोरसच्या बाया सतरंजीची नक्षी पाहायला लागल्या.

चांगुणानं माईककडे पाहिलं. "हा माईक खराब हाय."

"असंन," प्रेमानंद म्हणाला.

"बदल."

त्यानं बदलला. तिनं पुन्हा तोच शब्द घेतला. तसाच फाटला, तसाच चार वेळा ऐकू आला.

"बटन कमी कर."

त्यानं कमी केलं. आता तो एकदाच ऐकू आला.

"डबी काढ. माईक बी बंद कर."

"राहू दे न, अक्का. ऊन हाय, गळा तापला असंन."

"बंद कर म्हणते न."

माईक खाली ठेवून, डोळे मिटून, ती नुसत्या गळ्यानं 'माय' म्हणाली. पंख्याच्या घरघरीवरूनही सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं डोळे उघडले ते थेट दयारामकडे.

"दयाराम, असं कवापासून हाय?"

दयारामनं सैल नसलेली कडी उगाच सरकवली. "मले काय इचारता? मी तर माह्या ठेक्यात असतो."

"प्रेम्या."

प्रेमानंद वायर गुंडाळत होता. गुंडाळलेली त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"सुलतानपूरले आला होता माहा आवाज. आला होता न?"

"लोकं रडले होते, अक्का."

"मी लोकांचं नाई इचारून राह्यली."

त्यानं वायरीचं वेटोळं पुन्हा सोडलं.

"मी स्टेजवरून उतरली तवा तू हाव म्हणला होता. ते कोणाले म्हणला होता? मले का डबीले?"

"तुले बरं वाटावं म्हणून."

"दर कार्यक्रमाले तू ते बटन फिरवे. मले वाटे, ह्याले जीवाले चैन नाई, म्हणून हाताचा चाळा करते." ती जराशी हसली. ते हसणं प्रेमानंदला भांडणापेक्षा जड गेलं. "तीन साल मी हार घालून घेतले. शाली घेतल्या. पोरीबाळी पायावर डोकं ठेवे, म्हणे, अक्का, तुमच्यासारखं गाता आलं पाह्यजे. अन् तुम्ही सगळे माह्या मांगं बसून."

"डबीनं काय होते, अक्का? आवाज तर तुहाच हाय न. डबी फक्त..."

"फक्त काय?"

 त्यानं गिटारीची पिन ओढली, गुलाबी डबी शर्टाच्या सोग्यानं पुसली आणि तिच्यासमोर सरकवली.

"घे. तुहीच हाय. रवीले सांगतो, आयकाची असंन तर अशीच आयक माही गिटार, नाई तर जाय. उद्या चार वाजता जीप निंघते धाडची. मी आधीच जोडून ठेवतो. कोणाले काई समजत नाई, अक्का. आजवर कोणाले समजलं?"

चांगुणानं डबीला हात लावला नाही. गरम पाण्याच्या थर्मासचं झाकण लावलं, ते नीट बसलं का पाहिलं, पिशवी खांद्याला अडकवली. मूर्तीसमोर उभी राहून तिनं हात जोडले आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तशी उभी राहिली. ओठ हलत नव्हते. मग ती दाराकडे वळली.

प्रेमानंद मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेला. त्याच्या पायाला पुन्हा थारा नव्हता.

"जीप तुह्या घराकडून घेऊ का?"

ती चपला घालत होती. डाव्या चपलेचा पट्टा वळला होता, तो तिनं वाकून सरळ केला.

"अक्का, येशीन न उद्या?"

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात उतरून घराच्या गल्लीला लागली.