एश्बॉर्न ते र्युसेल्सहाइम, कार्बोरेटरवाल्या गाडीतून

मुंबईच्या विमानतळावर माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. पन्नास वर्षं तो सदऱ्याच्या खिशात आहे, असं मी तपासणीवाल्या पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, विमान तुम्हाला दुरुस्त करायचं नाहीये." मागची रांग हसली. फ्रँकफर्ट येईपर्यंत माझा हात आपला खिशाकडेच जात होता.

फ्रँकफर्टला लागूनच एश्बॉर्न आहे. जिकडे बघावं तिकडे काचेची ऑफिसं, आणि त्यांच्यामागे टाउनुसचे निळे डोंगर. माझी मुलगी वर्षा आणि जावई तिथं कंप्युटरच्या नोकरीत आहेत. वरच्या मजल्यावर ते भाड्यानं राहतात, खाली घरमालक. वर्षा सकाळीच बजावायची, "अण्णा, रविवारी ठोकाठोक करायची नाही. कचरा चार डब्यांत टाकायचा. आणि खाली कुणाशी भांडायचं नाही." मी म्हटलं, भांडायला भाषा तरी कुठं आहे?

पहिले आठ दिवस मी नुसता फिरलो. एकही बॉनेट उघडं दिसलं नाही. रस्त्यावर तेलाचा डाग नाही. कराडला माझ्या गॅरेजपुढची माती ऑइलनं अशी काळी झालीय की पावसाचं पाणीसुद्धा तिथं मुरत नाही. इथल्या गाड्या आवाज करत नाहीत, तक्रार करत नाहीत. मिस्त्री माणसानं अशा गावात काय करायचं?

नवव्या दिवशी सकाळी खालून आवाज आला. स्टार्टर फिरला, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. चोक ओढलेल्या कार्बोरेटरचा, म्हणजे जुन्या गाडीचा आवाज! कपातला चहा तसाच ठेवून मी जिना उतरलो.

घरमालक हेर (श्रीयुत) केलर ऐंशीच्या आसपासचे, उंच, ताठ. गॅरेजमध्ये त्यांची हिरवी गाडी होती, वर्षाच्या जन्माआधीची. मी बॉनेटकडे बोट केलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. आमच्या नखांत पन्नास वर्षांचं ग्रीस आहे, ते साबणानं जात नाही. त्यांनी बॉनेट उघडलं.

वर्षा खाली आली तेव्हा गोष्ट कळली. गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालते, मग गचके देते आणि बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा लागते. मागच्या हिवाळ्याआधी ती मोठ्या हमरस्त्यावर बंद पडली, मागून ट्रक येत होते. तेव्हापासून त्यांची मुलगी बिर्गिट हट्टाला पेटली होती, गाडी विकून टाका. शेवटी तिनं एक अट मान्य केली. येत्या शनिवारी र्युसेल्सहाइमला जुन्या गाड्यांचा मेळा आहे. तिथं जायचं, तीही बरोबर येणार. वाटेत एकदा जरी बंद पडली तर गाडी गेली. घेणारा ठरलेला होता.

केलरांची बायको गेल्यावर त्या घरात गाडीखेरीज बोलणारं कुणी नव्हतं. हे मला वर्षानं सांगितलं नाही. गाडीचा दरवाजा ते ज्या हळुवार हातानं लावायचे त्यावरून कळलं.

मी म्हटलं, "सांग त्यांना, शनिवारपर्यंत गाडी ओके."

"अण्णा, आधी नीट बघा तरी."

"बघितली. कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. जेटचं, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक तुंबतंय."

केलरांनी एक वही आणली. गाडीत कधी पेट्रोल भरलं, काय बदललं, कुठं थांबली, सगळं सुवाच्य अक्षरात. ती माझ्यापुढं धरून ते काही सांगू लागले. मी वही बाजूला ठेवली. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, गाडीला विचारायचं, अशी आमची पद्धत. गिऱ्हाईक काय, काहीही सांगतं.

मग मी नेहमीचं पहिलं काम केलं. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण काढलं, ते मालकाच्या हातात दिलं आणि टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. आमच्याकडे गाडी कामाला आली की झाकण मालकानं घरी न्यायचं. गाडी परत नेताना त्यानं आपल्या हातानं लावायचं. म्हणजे झाकण बदललं, हरवलं अशी कटकट नको. केलर झाकण हातात घेऊन गोंधळून उभे राहिले. "नाइन, नाइन (नाही, नाही)," म्हणत ते लावायला आले. मी हात आडवा धरला. काम संपल्याशिवाय झाकण नाही.

कार्बोरेटर उतरवला. जेट तोंडानं फुंकले, तारेनं नाही, तारेनं भोक मोठं होतं. फ्लोट तपासला, पंपाची जाळी धुतली. सांडलेल्या दोन थेंबांसाठी केलर कागद घेऊन धावले. खरं सांगायचं तर आत फार कचरा नव्हताच. पण नव्हता असं मी म्हटलं नाही.

बुधवारी आणि गुरुवारी आम्ही टाउनुसच्या चढावर चाळीस-चाळीस मिनिटं गाडी पळवली. मागे टाकीला बोळा. एकदाही बंद पडली नाही. गाडी बरी झाली, असं मी खात्रीनं सांगितलं आणि केलरांनी ते बिर्गिटला फोनवर कळवलं. उतरल्यावर केलरांनी मला जेवायला नेलं. उकडलेले बटाटे, अंडी आणि ग्र्यूने झोसे (पालेभाज्यांची थंड हिरवी चटणी). आपली कोथिंबिरीची चटणी, फक्त मिरची घालायची विसरलेली. मी दोनदा घेतली. त्या दिवशी मला काहीही गोड लागलं असतं.

शनिवारी बिर्गिट आली. पन्नाशीची, चष्मेवाली, हसायची नाही. केलरांनी कोट घातला होता. मी मानेनं खूण केल्यावर त्यांनी समारंभानं झाकण लावून त्याची किल्ली फिरवली. ते चालवायला, शेजारी मी, मागे बिर्गिट आणि वर्षा. माइन नदीच्या कडेकडेनं मोहरीची पिवळी शेतं, मग उतारावर द्राक्षांचे मळे. फ्लोर्सहाइमच्या अलीकडे गाडीनं पहिला गचका दिला. दुसरा दिला. कडेला घेता घेता बंद पडली.

बिर्गिटनं सगळ्यांना पिवळी जाकिटं घालायला लावली आणि मागे लाल त्रिकोण उभा केला. मग गाडी घेणाऱ्याला लावायला तिनं फोन काढला. केलर स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते.

"अण्णा," वर्षा हळूच म्हणाली, "सांगू का, की गाडी जुनी आहे, होतं असं?"

"थांब जरा."

मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या तोंडात बघत एक्सिलेटरची तार ओढली. पेट्रोल असलं की घशात बारीक धार उडते. उडाली नाही. पुन्हा ओढली, कोरडं. म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतच नव्हतं. तीन दिवस मी ज्याला दोष देत होतो, तो बिचारा उपाशी होता.

मग गुरुवारी कशी चालली? तीच गाडी, तेच पेट्रोल, आणि तेव्हा तर चढ होता. आज वेगळं काय? मी मागे गेलो आणि टाकीसमोर उभा राहिलो.

"वर्षा, गाडीत त्यांची वही आहे, तीत बघ. पहिल्यांदा कधी बंद पडली?"

तिनं पानं चाळली. "मागच्या मे महिन्यात."

"त्याच्या आधी काय बदललं?"

"एप्रिल. टाकीचं नवीन झाकण, किल्लीवालं. अण्णा, हेच ते पहिल्या दिवशी सांगत होते."

मी किल्ली मागितली आणि झाकण फिरवलं. टाकीनं 'स्सस्स' करून इतका लांब श्वास आत ओढला की बिर्गिटनं फोन कानावरून खाली घेतला. झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरायला हवी, नाहीतर पंप ओढणार कसा? माझ्या बोळ्यातून हवा जात होती. म्हणून चालली. माझ्या कामामुळं नाही.

"काय म्हणू तिला?" वर्षानं विचारलं.

आता इथं दोन वाक्यांत निभावता आलं असतं. भाषा वर्षाच्या हातात होती. मी म्हटलं, "सांग, चूक गाडीची नाही, तिच्या बापाचीही नाही. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. गाडी बरी झाली असं मी सांगितलं, ते खोटं निघालं."

बिर्गिटनं ऐकून घेतलं. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही गुरुवारीही खात्रीनंच सांगितलं होतंत. आज का विश्वास ठेवू?"

"गुरुवारी ती का चालली ते मला माहीत नव्हतं. आज ती का थांबली ते माहीत आहे."

वर्षानं ते जर्मनमध्ये सांगितलं. केलर गाडीतूनच म्हणाले, "गेनाऊ (अगदी बरोबर)."

"आणि तिला म्हणावं, तूच चालव. थांबली तर मी स्वतः ढकलत घेणाऱ्याच्या दारात नेतो."

ती हसली नाही. पण तिनं बापाला शेजारच्या सीटवर बसवलं. झाकण आम्ही नुसतं सैल टेकवलं. जुना गिअर तिला सापडेना. केलर हळू आवाजात सांगत होते, आणि दोनदा ती त्यांच्यावर खेकसली. मी मागे बसून आवाज ऐकत होतो. मुद्दाम तिनं गाडी लांबच्या रस्त्यानं घेतली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, इंजिन एकसुरात चाललं होतं.

मेळ्यात एका म्हाताऱ्याच्या डब्यात भोकवालं जुनं झाकण मिळालं. निघताना बिर्गिटनं किल्ली केलरांच्या हातावर ठेवली. "येताना मी चालवली, आता तुम्ही," एवढंच म्हणाली.

कराडला येऊन महिना झाला. गॅरेज आता मुलगा बघतो, मी खुर्चीत बसतो. गिऱ्हाईक आलं की मी विचारतो, कधीपासून? त्याआधी काय बदललं? मुलगा चिडतो, "अण्णा, त्यांना काय कळतंय?" मी त्याला बोलू देतो.

ज्या गाड्या दुरुस्तीनंतर परत आल्या नाहीत त्या बऱ्या झाल्या, असं मी आयुष्यभर धरून चाललो. त्यातल्या किती वाटेत थांबल्या असतील आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे गेल्या असतील, हे मला कोण सांगणार?