रुनाचा उजवा हात

किस्से कसे साचतात, ते आमच्या मासिकाच्या ऑफिसात बसल्याशिवाय कळायचं नाही. मित्र जमले की चहा येण्याआधीच फर्माईश होते, "मास्तर, तो तेलवाल्याचा सांगा!" ते हसतात, म्हणून मीही हसतो. पण खरं सांगू? माझा राग अजून गेलेला नाही!

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमारास अमरावतीत मुलांचं एक मासिक निघायचं. संपादक, मालक आणि प्रेसवाले, तिन्ही बापूसाहेबच. गुलाबराव कंपोझिटर, छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे. मी दिवसा शाळेत शिकवायचो आणि संध्याकाळी तिथे प्रुफं तपासायचो. युरोपच्या उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतल्या जुन्या देवकथा मी वाचल्या आणि अक्षरशः झपाटलो. त्यांवरून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. काळीकुट्ट!

तिथले देव एका लांडग्याला घाबरतात. 'गंमत म्हणून बांधून घे, लगेच सोडतो,' असं सांगून त्याला जादूच्या दोरीनं बांधायला निघतात. लांडगा म्हणतो, "तोवर कोणीतरी माझ्या जबड्यात हात ठेवा." एकही देव पुढे येत नाही. माझी नायिका, पंधरा वर्षांची रुना, देवांच्या शब्दावर विश्वासून उजवा हात ठेवते. देव शब्द मोडतात, हात जातो. शेवटी लांडगा सुटतो, सूर्य गिळतो, देव मरतात आणि रुना एकटी उरते. माझं शेवटचं वाक्य होतं, 'तिनं डाव्या हातानं मशाल उचलली आणि अंधारात चालू लागली.' त्या एका वाक्यासाठी मी अख्खी कादंबरी लिहिली होती.

* * *

कादंबरी मासिकात हप्त्याहप्त्यानं छापायची ठरली आणि पहिल्याच हप्त्यात बापूसाहेबांनी सगळा बर्फ खोडला!

"मास्तर, इथं वैशाखात डोकं फुटून राहिलं, अन् बर्फ कोनं पाह्यला? पोट्टे गोळेवाल्याच्या गाडीवर जातीन. चिखलदऱ्याचं धुकं टाका."

"धुक्यानं नदी गोठते का, बापूसाहेब?"

"मंग कोरडी पाडा!"

पाडली. फक्त एक शब्द खोडायचा राहून गेला. माझे उत्तरेकडचे योद्धे धुक्यात, कोरड्या नदीवर, धडाधड 'घसरून' पडले!

* * *

चित्रांचं तर विचारूच नका. चित्राचा नवा ठसा, म्हणजे ब्लॉक, नागपूरहून करून आणावा लागे आणि बापूसाहेब त्याला कधीच तयार नसत. जुन्या ब्लॉकांचं एक खोकं होतं, त्यातच भागवायचं. लांडगा म्हणून सर्कशीच्या जाहिरातीतला वाघ छापला! मी संतापलो तर म्हणाले, "शाई जास्त लावतो, पट्टे दिसत नाहीत!"

त्या देवांचा राजा एका डोळ्याचा. त्याच्यासाठी केसांच्या तेलाच्या जाहिरातीतला मिशाळ माणूस निघाला. गुलाबरावांनी टोच्यानं त्याचा एक डोळा खरवडून टाकला. देव झकास उमटला. पुढच्या महिन्यात त्याच ब्लॉकवरून तेलाची जाहिरात छापली!

तेलवाले शेठजी अंक फडकवत प्रेसमध्ये शिरले. "माह्या तेलानं केस येते का डोळा जाते?"

बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "शेठजी, तुमी केस पाहा ना. एकबी कमी झाला नाही!"

* * *

मग अकोल्याहून एक वर्गणीदार गृहस्थ आले. "देव मरते, हे लेकराइले शिकवून राहिले का तुमी?"

मी त्यांना समजावणार, तोवर बापूसाहेबांनी खुलासा छापायचं कबूल करूनही टाकलं. पुढच्या अंकात कथेच्या ऐन मध्यावर चौकट आली: 'या कथेतील देव आपले नाहीत. वाचकांनी काळजी करू नये.' देव मरतायत, सूर्य विझतोय, आणि मध्येच ही चौकट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गुलाबरावांच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला होता. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"आमी तं देव सोडूनच देल्ले, मास्तर. ते मरो का राहो. मले त्या लांडग्याचं वाईट वाटते. त्यानं भरवसा ठेवला ना!"

सगळ्या ऑफिसात कादंबरी कळलेला हा एकच माणूस.

* * *

शेवटचा हप्ता मी तीनदा तपासून दिला आणि शाळेच्या परीक्षांत अडकलो. अंक छापून हातात आला तेव्हा शेवटी माझं वाक्यच नव्हतं. त्याजागी होतं, 'इतक्यात आकाशातून एक नवा देव प्रकट झाला. त्याने वर दिला आणि रुनाचा हात पूर्ववत झाला. सर्वांना आनंद झाला.'

कोण सर्व? सगळे तर मेले होते!

मी तसाच प्रेसवर गेलो. बापूसाहेबांच्या टेबलावर ते पान पडलं होतं, माझ्या वाक्यावर लाल पेन्सिलीची जाड रेघ.

"मास्तर, लेकराइले झोप नसती लागली. हात वापस देल्ला, त्यात कोनाचं काय गेलं?"

"देवांनी लांडग्याला फसवलं, तुम्ही रुनाला फसवलंत!" मी ओरडलो आणि काम सोडून चालता झालो. रागाच्या भरात छत्री तिथेच राहिली.

* * *

पंधरा दिवसांनी ती छत्री आणायला गेलो, तर दारात मूर्तिजापूरहून आलेला एक माणूस उभा. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. माणसाची उजवी बाही कोपरापासून रिकामी. कापसाच्या जिनिंगमध्ये मशीननं हात घेतला होता. त्याला वाचता येत नसे. दर महिन्याला मुलगी अंक वाचून दाखवायची आणि हा ऐकायचा.

तो थेट बापूसाहेबांच्या मोठ्या टेबलापाशी गेला, डावा हात कपाळाला लावला. "साहेब, रुनाचं तुमीच लिवलं ना?"

बापूसाहेब 'नाही' म्हणाले नाहीत! माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो पुढे बोलू लागला.

"आखरीचा भाग पोरीनं वाचून दाखवला. मले धाक होता, आता कोनीतरी देव येईन अन् हात वापस देईन. कथेत देतेच. माहा हात गेला तवा मलेबी सारे हेच सांगत होते, देव पाहीन म्हून. दोन वर्सं मी वाट पाहत बसलो. तुमी तिचा हात नाही देल्ला, साहेब. लई बरं केलं! आता मी डाव्या हातानं काम करून राहिलो."

अंकात तर हात परत आला होता! मी मुलीकडे पाहिलं. अंक छातीशी घट्ट धरून ती आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं 'सांगू नका' अशी मान अगदी थोडी हलवली.

"एक डाव तुमच्या तोंडून आयकू द्या, आखरीचं." त्यानं मुलीच्या हातातून अंक घेतला आणि टेबलावर ठेवला. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

गुलाबरावांचे हात खिळ्यांवर थांबले. बापूसाहेबांनी चष्मा लावला, शेवटचं पान उघडलं, आकाशातून आलेल्या त्या देवावर बोट ठेवलं, घसा साफ केला आणि सावकाश वाचलं, "तिनं डाव्या हातानं मशाल उचलली आणि अंधारात चालू लागली."