माझा बाप पीत नव्हता

"ही साडी कशाला नेसलीस?"

ट्रस्टच्या मॅडमनी मला बालवाडीच्या दारातच अडवलं. साडी नवी होती. निळी, कडक इस्त्रीची. बालवाडीत शिकवायला लागल्यावर स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली. पाहुणे येणार म्हणून मुद्दाम नेसले होते. मॅडमनी पदराचं टोक दोन बोटांत धरून बघितलं आणि सोडून दिलं.

"अगं, देणगीदार येताहेत. त्यांना दिसायला नको का, इथे किती गरज आहे ते? जा, आईचं जुनं लुगडं नेसून ये. आणि तोंडावरची ती पावडर पूस."

मी घरी गेले. आईचं ठिगळाचं लुगडं नेसले, तोंड धुतलं, परत आले. बालवाडीतली एक पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, तुमाला बरं नाय का?"

गाड्या आल्या. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "हिचे वडील दारूपायी गेले. आई इथेच झाडलोट करते. अशा घरातली मुलगी आज आमच्या ट्रस्टमुळे शिकवते आहे." एका पाहुणीनं माझ्या गालाला हात लावला. फोटो काढला. आई कोपऱ्यात उभी होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

माझा बाप पीत नव्हता.

दुष्काळात आमचं बीडकडचं गाव सुटलं. आम्ही बौद्ध. गावात जमिनीचा तुकडा नव्हता, मागे सोडायला काही नव्हतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पावणे गावाला कारखाने उभे राहत होते. त्यांच्या भिंतींना लागून, नाल्याच्या काठावर, आमच्यासारख्यांच्या झोपड्या पडल्या. बाप रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. घरी यायचा तेव्हा कधी पिवळा, कधी जांभळा. घासून घासून आंघोळ करायचा, तरी नखं रंगलेलीच राहायची.

मी नववीत असताना त्याला टाकी धुवायला आत उतरवलं. टाकीत गॅस होता. तो वर आला नाही. त्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही गेला. संध्याकाळी कंपनीची माणसं आली आणि म्हणाली, "दोघं पिऊन उतरले होते." एवढ्या एका वाक्यात कंपनीनं हात झटकले.

पुढच्या वर्षी वस्तीत ट्रस्ट आला. ट्रस्ट कारखान्याच्या शेठचाच. त्यांच्या आईच्या नावानं. बालवाडी उघडली. पोरांना दूध मिळायला लागलं. आणि बालवाडीच्या कंपाउंडात नळ आला. अख्ख्या वस्तीत तो एकच नळ. आईला झाडलोटीचं काम दिलं. मी एसएससी झाल्यावर मला बालवाडीवर घेतलं. वस्तीला सगळं माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. बोलणार कसं? हंडा त्यांच्याच नळाखाली लावायचा होता.

त्या फोटोच्या दिवशी घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "तू ऐकलंस ना, त्या काय बोलल्या?"

"ऐकलं. दर बारीला ऐकते."

"मग?"

"मग काय? आपून कुटं जायाचं, सांग. गावाकडं? कोन बसलंय तितं?"

 आईचं काम, माझं काम, प्यायचं पाणी, सगळं एकाच फाटकाच्या आत होतं. त्या फाटकाची किल्ली मॅडमकडे. मी रोज पोरांना गाणी शिकवायची आणि सारखं वाटायचं, आपल्यालाच कुणीतरी आत घालून बाहेरून कडी लावली आहे.

मग शिवणवर्गाचं ठरलं. वस्तीतल्या बायकांसाठी मशिनी, नवीन हॉल. त्याला पैसे देणारे मोठे लोक येणार होते, शेठ स्वतः येणार होते. मॅडमनी मला बोलावलं. "या वेळी मी नाही सांगणार. तू सांगायचंस. तुझ्या तोंडून ऐकलं की लोकांना भिडतं." त्यांनी माझ्याकडून म्हणवूनही घेतलं. बाप रोज प्यायचा. आईला मारायचा. एक दिवस दारूतच गेला. मी म्हणत होते आणि त्या सुधारत होत्या. "इथे जरा थांब. रडू आलं तर आवरू नकोस हं."

मला रडू आलं नाही. 

कार्यक्रमाच्या दिवशी वस्ती सगळी अंगणात बसली होती. शेठ पुढच्या खुर्चीवर. गोरेपान, शांत, हात जोडून सगळ्यांना नमस्कार करणारे. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. "माझे वडील," असं म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. समोर आई बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. मला बापाची रंगलेली नखं आठवली.

"माझे वडील दारू पीत नव्हते," मी म्हणाले. "ते या शेठच्या कारखान्यात टाकी धुवायला उतरले. आत गॅस होता. तिथंच मेले."

बस. एवढंच बोलले. माईक कुणीतरी काढून घेतला. शेठ उठले, गाडीत बसले. मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कृतघ्न."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या फाटकाला कुलूप. आईचं काम बंद, माझं बंद. दूध बंद. बायका रिकामे हंडे घेऊन आमच्या दारात आल्या. सावित्रीमावशी आमची शेजारीण, मूळची कोकणातली, मला लहानपणी खेळवणारी. तीच सगळ्यात पुढे होती.

"तुझा बापूस गेला तो गेला. आता आमच्या पोरांका पानी कोन देनार? तू?"

 तिचं काय चुकलं होतं? घरात तान्हं नातवंड होतं तिच्या.

पाण्यासाठी लांब गावातल्या विहिरीवर जावं लागलं. तिथली माणसं म्हणाली, "तुमी कारखान्याची मानसं, हिकडं काय ठेवलंय?" मी सावित्रीमावशीचाही हंडा भरून आणला. तिनं घेतला. आत निघून गेली.

मग मॅडमचा निरोप आला. माफी मागा, नळ सुरू होईल. आई म्हणाली, "माग बाई. शब्दच हायती." मी हो म्हटलं. माझ्या एकटीच्या मानापायी वस्तीनं तहानलेलं राहायचं, हे मला झेपत नव्हतं. आम्ही गेलो. बायका हंडे घेऊन बाहेर थांबल्या.

मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. आम्ही उभ्या. मी म्हटलं, "चुकले."

"तू नाही," मॅडम म्हणाल्या. "तू काय, पोर आहेस. आईला सांगू दे. पुढच्या आठवड्यात शेठ येतील. त्यांच्यासमोर आईनं म्हणायचं, नवरा पीत होता. इतकंच. आत्ता एकदा म्हणून दाखवा बघू, बाई."

आईनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. मॅडम मान हलवून तिला धीर देत होत्या, आम्ही बालवाडीतल्या पोरांना कवितेची ओळ आठवून द्यायला हलवतो तशी.  नवरा ज्या मरणानं मेला त्याच्यावरच तिला थुंकायला लावत होते, आणि मीच तिला तिथं घेऊन आले होते.

"नाही म्हणायचं," मी म्हणाले. "आई, चल."

"मग पाण्याचं विसरा," मॅडम म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. बायकांनी विचारलं, काय झालं? मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. कुणी शाबास म्हटलं नाही. दोघीतिघी शिव्या घालत निघून गेल्या. सावित्रीमावशी मात्र आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "हिच्याकडनं वदवून घेत होती?" एवढंच म्हणाली, आणि हंडा काखेला लावून उभी राहिली.

आम्ही पाचसात जणी नळ मागायला सरकारी ऑफिसात गेलो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कुठली वस्ती?" मी सांगितली. ते म्हणाले, "तिथे ट्रस्टचा नळ आहे ना? म्हणून तर आम्ही सरकारी नळाच्या यादीत तुमचं नाव घेतलं नाही."

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही त्या नळाला हात जोडत होतो. आणि त्या नळामुळेच आमच्या हक्काचा नळ आला नव्हता. दान घेतलं म्हणून आमची मागणीच पुसली गेली होती. कडी कुठून लागली होती ते मला त्या टेबलापुढे कळलं.

"तो नळ आमचा नाही," मी म्हणाले. "तो त्यांचा. आज आहे, उद्या नाही. आम्हाला आमचा पाहिजे."

"अर्ज करा. बघू."

"अर्ज करतो. पण जात नाही."

ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. पाणी त्या दिवशी मिळालं नाही, त्या महिन्यातही नाही. वस्तीतली अर्धी माणसं माझ्याशी बोलत नव्हती. आई धुणीभांडी शोधत वाशीच्या नव्या बिल्डिंगी पालथ्या घालत होती. हे सगळं माझ्यामुळे झालं, आणि ते मी नाकारत नाही.

पण दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी त्या पायरीवर बसलेली होते. साहेब आले. "पुन्हा आलात?"

"रोज येणार," मी म्हणाले. "मागायला नाही. घ्यायला."