सायखेड्याच्या आईंचं मीठ

सायखेड्याच्या आई स्वयंपाक करताना कधीही चाखून बघत नसत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ जिभेला लावायचा नाही, हा नियम पुष्कळ घरांत असतो आणि पुष्कळ घरांत गुपचूप मोडलाही जातो. नांदगावला माझ्या माहेरी माझी आईसुद्धा देव्हाऱ्याकडे पाठ करून आमटीचे दोन थेंब तळहातावर घ्यायची. सायखेड्याच्या आईंना असलं काही लागत नसे. घरातल्यांचं वरण असो की पंगतीची भाजी, मीठ हातात घ्यायचं, भांड्यावरून हात एकदा फिरवायचा, झालं. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, "हात माझा, मीठ माझं. मधी जिभेला कशाला इचारायचं?"

या सायखेड्याच्या आई म्हणजे अनसूयाबाई. त्या माझ्या आई नव्हत्या आणि सासूही नव्हत्या. माझ्या यजमानांच्या पहिल्या बायकोच्या, रंजनाच्या त्या आई. रंजना काविळीनं गेली तेव्हा मंजू सहा वर्षांची होती आणि पिंटू तिसऱ्या वर्षात. माझे सासू-सासरे कधीच वारले होते. हे सातपूरला कंपनीत, शिफ्टची नोकरी. तेव्हा अनसूयाबाई सायखेड्याहून बाजरी-गव्हाची गोणी घेऊन नाशकात सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. ती गोणी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा भरून आणायचा. "जावयाच्या दारात ऱ्हाते ती लेकरांपायी. अन्न माझ्या रानातलं," असं त्या ठणकावून सांगत.

वर्ष उलटल्यावर जावयासाठी मुलगी बघायलाही त्याच निघाल्या. हा नव्वदच्या दशकाचा मधला काळ. माझं लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि घरात माझ्यामुळे सगळ्यांचे आवाज खाली गेले होते. अशात एक नऊवारीतली उंच बाई आमच्या नांदगावच्या घरी आली. शिक्षण, रंग, पत्रिका कशाचीच चौकशी न करता तिनं मला विचारलं, "कुत्र्याला भितीस का गं?"

मी म्हटलं, "नाही. का?"

"पोरांनी एक पाळलंय. पोरं त्याला सोडायची नायीत आन मी पोरांना."

लग्नाच्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात एक छोटा चांदीचा टाक बांधला. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची रीत आहे. मला त्याची भीतीच वाटत होती. गाठ मारताना त्या म्हणाल्या, "ही रंजी. तुझी थोरली भन. तिची आई ती तुझीबी आई. आजपासून तुझं म्हायेर नांदगाव आन सायखेडं, दोन." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "हिला मावशी म्हणायचं." आईच्या बहिणीला मावशीच म्हणतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात ते अगदी बरोबर होतं.

मंजू शहाणी होती. ती मला मावशी म्हणायची, वेणी घालून घ्यायची, ताटात वाढलेलं खाऊन उठायची. पिंटूचं तसं नव्हतं. तो आजीच्या हातचंच खायचा. मी केलेला घास तो तोंडात घ्यायचा, गालात धरायचा आणि माझी पाठ वळली की टिप्याला द्यायचा. टिप्या म्हणजे ते कुत्रं. पांढरं, पाठीवर एक तपकिरी ठिपका असलेलं, गल्लीतून उचलून आणलेलं. मी घरात आल्यापासून ते चांगलंच गुबगुबीत झालं. शेजारच्या बायका म्हणायच्या, शोभाताईंच्या हाताला गुण आहे हो! मी हसायची आणि मोरीत जाऊन डोळे पुसायची.

नाना उपाय केले. गूळ-तुपाचा काला केला, पोळीचे लाडू केले, पुऱ्यांना चंद्र-चांदण्यांचे आकार दिले. पिंटू मान हलवायचा. "आजीचं." एवढा एकच शब्द. एकदा आई सायखेड्याला भावकीतल्या लग्नाला गेल्या, तर पोरगं दोन दिवस दूध-बिस्किटांवर राहिलं आणि तापलं. हे रजा टाकून त्याला मांडीवर घेऊन बसले. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण मला कळून चुकलं की या घरात मी राहीन, कपडे धुईन, डबे भरीन, आणि तरी पाहुणीच राहीन. मुलाचं पोट ज्याच्या हाताला ओळखतं, घर त्याचं असतं.

लग्नाहून परतल्यावर आईंनी सगळं ऐकून घेतलं. तिकडे सायखेड्याला त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, मुलगा सारखा बोलावत होता, आणि जावयाच्या घरी किती राहायचं हा सल तर रोजचाच. त्या टिप्याच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा हात बिघडला.

पहिल्या दिवशी वरण खारट झालं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण असं कधी घडलंच नव्हतं. "म्हातारी झाले रं," त्या म्हणाल्या. "हाताचा अदमास गेला." दुसऱ्या दिवशी भाजी. मग पिठलं. हे हसत म्हणाले, "आई, मिठाचा भाव उतरला की काय?" त्याही हसल्या. पिंटू मात्र हसला नाही. एका दुपारी त्यानं आजीनं भरवलेला वरण-भाताचा घास ताटातच थुंकला आणि रडत म्हणाला, "आजी, घाण झालंय! तुला येत नाही!"

आईंनी ताट उचललं, उरलेला भात स्वतः खाल्ला, कारण अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे. मग भांडी घेऊन बाहेर नळावर गेल्या आणि खूप वेळ घासत बसल्या.

तेव्हा मला दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक म्हणजे, नैवेद्याची वाटी त्या हल्ली फार लवकर काढून ठेवायच्या, भांडं गॅसवर असतानाच. पूर्वी सगळं झाकपाक झाल्यावर देवाला दाखवायच्या. दुसरं म्हणजे, टिप्याचा वाटाही त्याच वेळी वेगळा काढायच्या, आणि पिंटूनं आपल्या ताटातलं त्याला द्यायला हात पुढे केला की एकदम खेकसायच्या, "त्याला ते नको देऊस! त्याचं येगळं काढलंय." मला वाटलं, वयानं घाई होते, चिडचिड होते. एकदा तर मी त्यांना चमच्यानं वरण घेऊन जिभेला लावताना पाहिलं. नैवेद्य दाखवून झालेला होता, म्हणजे नियम काही मोडत नव्हता, पण त्यांना भांड्यातलं चाखताना मी प्रथमच पाहत होते. हात गेल्यावर माणसाला आधार लागतोच, असं मनाशी म्हणून मी तिथून सरकले. मला त्यांची कीव आली होती.

मग एका संध्याकाळी पिंटू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आजीकडे न बघता मला म्हणाला, "मावशी, तू कर ना वरण."

मी केलं. फोडणी देताना मोहरी सांडली. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. मी मीठ हातात घेतलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्याकडं नको बघू," त्या म्हणाल्या. "भांड्याकडं बघ. त्यात किती माणसं जेवायचीत ते मनात आण आन सोड." नैवेद्य दाखवून मी पिंटूला वाढलं. त्यानं पहिला घास जपून घेतला, दुसरा घेतला, आणि मग ताटाच्या कडेला सांडलेलंही बोटानं चाटून खाल्लं. टिप्या खाली शेपूट हलवत बसला होता. त्याला त्या दिवशी काही मिळालं नाही.

पंधरवड्याभरात आईंनी गाठोडं बांधलं. निमाणीच्या स्टँडवर त्या एसटीत बसत असताना पिंटूनं त्यांचा पदर धरून ठेवला होता. त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि म्हणाल्या, "जा मावशीबरुबर. भुका लागल्या असतील." एसटी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मागे वळून पाहिलं नाही.

दिवाळीत भाऊबीजेला मी मुलांना घेऊन सायखेड्याला गेले. माझं दुसरं माहेर ते. आईंच्या सुनेला नुकतं बाळ झालं होतं, म्हणून स्वयंपाक आईच करत होत्या. पहिला घास घेतला आणि मी थांबले. मीठ अगदी बरोबर होतं. रात्रीच्या आमटीतही, दुसऱ्या दिवशीच्या वांग्यांतही. मी वहिनींना सहज म्हणावं तसं म्हटलं, "आईंचा हात सुधारला हो." त्या बाळाला पाजता पाजता माझ्याकडे बघत राहिल्या. "सुधारला? बिघडला कवा व्हता, ताई?"

आई गोदावरीच्या घाटावर धुणं धूत होत्या. मी तिथे गेले, शेजारी बसले. मग विचारलं, "नैवेद्याची वाटी आधी काढायच्या तुम्ही. ती याच्यासाठी?"

त्यांनी धुणं थांबवलं नाही. "मंग काय! खारट दाखवते का देवाला? आन त्या टिप्याला? मुकं जनावर. त्यानी काय केलं व्हतं कुणाचं?"

"आणि पिंटूनं काय केलं होतं?"

"त्याला सोडवायचं व्हतं." त्यांनी पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं. "मी काय जलमाची पुरणार व्हते का? तुझ्याकडं तो जायना, कारण मी मधी बसलेले. उठून गेले असते तर मागं मागं रडला असता, माझीच चव काढत बसला असता. म्हनून चवच मोडली." मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "थुकला ना गं माझा घास... रंजीचा पोरगा. तवा वाटलं, बास, उद्यापासून नीट करू. तो नाय सुटला तरी चालंल, पर हे नको. रातभर तसंच वाटलं. सकाळी उठले आन पुन्ना मूठभर टाकलं."

मी त्यांच्या ओल्या हातांवर डोकं टेकून रडले. मला माझ्या आईनं नऊ महिने पोटात वागवलं, पण एवढं मोठं काही मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही, हे मी आजही उघडपणे सांगते. त्या मात्र वैतागल्या. "ऊठ, लुगडं वाळत घाल. आन पोरांपाशी बोलू नको ह्यातलं. त्यांना वाटू दे, आजीला येत नव्हतं."

मी बोलले नाही. पुढे मुलं मोठी झाली. पिंटू मला कधीपासून आई म्हणू लागला ते त्यालाही आठवत नाही, मंजू बऱ्याच उशिरा म्हणू लागली, दहावीच्या सुमारास. सायखेड्याच्या आईंनी मात्र तो शब्द माझ्यासाठी कधी वापरला नाही. मुलांशी बोलताना मी 'तुमची मावशी'. 'तुमची आई' म्हणजे रंजना, फोटोतली. मुलांना तिचा चेहरा विसरू द्यायचा नाही, यावर त्यांचा कटाक्ष होता. एवढं सगळं देऊन टाकलेल्या बाईनं एक शब्द लेकीसाठी राखून ठेवला, तर त्यात माझी काय तक्रार असणार? तरी खरं सांगते, तो शब्द ऐकावासा वाटायचा.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. उपचारांसाठी नाशकात आमच्याकडेच आणलं. रिक्षातून उतरताच म्हणाल्या, "ह्या टायमाला गोणी नाय आणली. हात हालवत आले." मी म्हटलं, "लेकीकडे कुणी गोणी आणतं का?" त्या माझ्या खांद्यावर भार टाकून आत आल्या. टिप्या एव्हाना म्हातारपणानं मेला होता, पण बसल्यावर त्यांचा हात सवयीनं त्याला चाचपायला खाटेखाली जायचा.

हळूहळू त्यांचं जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, खातील ते द्या. एका सकाळी मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. हे आणि पिंटू औषधं आणायला गेले होते. मंजू त्यांच्या उशाशी बसली होती, कॉलेजला न जाता. मी नैवेद्य दाखवला आणि वाटी घेऊन बाहेर आले. आईंचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल म्हणून मी दारातच थांबले.

"मंजे," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "तुझ्या आईनं चाखून बघितलं का गं आधी?"

मंजूनं चमकून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातला टाक मुठीत धरून उभी होते.

"नाही आजी," मंजू म्हणाली. "आईनं चाखलं नाही."

"मंग आण," त्या म्हणाल्या. "बराबर असंल."

चार घास खाल्ले त्यांनी. नंतर काही खाल्लं नाही.