हरभऱ्याएवढं अंतर

लोखंडी खुर्ची पुढे केली, तर बसण्याआधी तिला टेस्टर लावून पाहणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. कपाळी विभूती, खिशाला टेस्टर. सोनपेठला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. स्वतःच दुरुस्त केलेली मोटारही ते गिऱ्हाइकाला देण्याआधी पुन्हा खोलत. "तपासल्याबिगर इतबार न्हाई, सर," हे ठरलेलं वाक्य. एकदा मी पेढा दिला, तर "कशाबद्दल?" असं तीनदा विचारून मगच तोंडात टाकला.

मी तिथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. आमच्याकडे दरवर्षी उतारगाड्यांची शर्यत व्हायची. मुलांनी लाकडाच्या बिनइंजिनाच्या गाड्या बनवायच्या आणि प्लायवूडच्या उतारावरून तीन लेनमधून एकदम सोडायच्या. पहिली येईल ती विभागीय स्पर्धेला. एका वर्षी दोन गाड्या बरोबरीनं आल्या, तीन परीक्षकांची तीन मतं पडली आणि पालक हातघाईवर आले. म्हणून मी इलेक्ट्रॉनिक घड्याळ करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो.

"माणसाच्या डोळ्यावर इतबार न्हाई, मग माझ्या तारांवर कसा ठिवता?" ते म्हणाले. पण काम घेतलं.

वरचं फाटक उघडलं की घड्याळ सुरू. खाली प्रत्येक लेनला एक सेन्सर. गाडी त्याच्यापुढून गेली की त्या लेनचा आकडा थांबायचा. सेकंदाचा हजारावा भागही दिसायचा. एकच गाडी त्यांनी प्रत्येक लेनमधून पन्नास-पन्नास वेळा सोडली.

"तिसरी लेन वेळ जास्त दाखवायलीय. गाडी तीच, उतार त्योच. कायतरी लबाडी हाय."

दोन दिवस ते तिच्या मागे लागले. मग सेन्सरच्या स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. "आता कुणी हात लावला तर कळंल."

नेलपॉलिश त्यांच्या लेकीचं होतं, आणि लेक आमच्याच कॉलेजात, शर्यतीत उतरलेली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या, तर तिला नेमकी तिसरी लेन आली.

संशयाची लागण होते हो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच फूटपट्टी घेऊन मोजायला बसलो. तिसऱ्या लेनचा सेन्सर बाकी दोन्हींपेक्षा हरभऱ्याच्या दाण्याएवढा अलीकडे होता. म्हणजे तिथली गाडी आधी पोचल्याचं दिसणार! खोटं कशाला बोलू, चोर सापडल्याचा मला आनंदच झाला. बोभाटा नको म्हणून गुपचूप स्क्रू ढिला केला, सेन्सर रेषेत आणला आणि परत आवळला.

दुसऱ्या दिवशी लेक सेकंदाच्या दोन हजारांश भागानं, म्हणजे हरभऱ्याहूनही कमी अंतरानं हरली. बक्षीस वाटून मंडळी चहाला गेली. ते वायरी सोडवत होते. एका तडकलेल्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"सर, ह्यो सेन्सर सुस्त हुता. गाडी उशिरा वळखायचा, म्हणून मीच त्याला हरभराभर अलीकडं घेतला हुता. आता त्यो रेषेत हाय. कुणी हात लावला का?"

बोललो असतो तर शर्यत पुन्हा झाली असती.

"नाही," मी म्हणालो. "हॉलची चावी माझ्याकडेच होती."

आता उलटतपासणी होणार, असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली.

"तुमी म्हणलाव म्हंजे न्हाई. मग माझ्याच हातानं नीट आवळला नसंल. आता सांगाव तर लोक म्हणतील, लेक हरली म्हणून बोलायलाय."

गेल्या वर्षी ते गेले. मी घरी भेटायला गेलो. लेकीनं चहा आणून दिला आणि समोर बसली.

"त्या शर्यतीपासून अप्पा शेवटचा स्क्रू दुसऱ्याकडून आवळून घ्यायचे, सर. म्हणायचे, माझ्या हातावर आता इतबार न्हाई."

मी खरं सांगायलाच गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.