गोळा आणि फुंकर

बेकरीत भट्टी सांभाळायची आणि रविवारी चर्चमागच्या खोलीत पोरांना पवित्र शास्त्र शिकवायचं, यातच पाववाल्या मास्तरांचा जन्म गेला. बायबलातल्या उत्पत्तीचा धडा आला की मास्तर मैद्याचा गोळा घेऊन यायचे. मळून, चिमटून त्याचा बाहुला करायचे आणि विचारायचे, "बघा रे, हा कोण? कोणी नाही! नुसता गोळा. पहिला माणूसही असाच मातीचा गोळा होता. देवानं नाकात फुंकर मारली, तेव्हा कुठं माणूस झाला."

एकदा एका आगाऊ पोरीनं विचारलं, "मास्तर, मग भाजून खाल्ला तर चालेल?"

"फुंकरीआधी खा की! नंतर खाल्लास तर खून."

वर्ग खो-खो हसला. तीच पोरगी पुढं मास्तरांची सून झाली.

तिचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं जन्माला आलं, पण त्यानं श्वासच घेतला नाही. मुलगी होती.

दवाखान्यात कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? मास्तरांचा मुलगाही त्याच वर्गात शिकलेला. त्यानं मान फिरवून फडक्यात गुंडाळलेलं बाळ बापाच्या हाती दिलं, कुदळ उचलली आणि दफनभूमीच्या कुंपणाबाहेर खड्डा खणला. नाव नाही, प्रार्थना नाही. मातीसाठी कसली प्रार्थना?

चर्चच्या पाळकांना कळलं तसे ते बेकरीत आले. "अहो मास्तर, बाहेर का पुरलंत? मला एका शब्दानं विचारायचं तरी! मी आत जागा दिली असती."

"तिनं श्वास घेतला नव्हता, पाळकसाहेब."

"उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात फुंकरीचं नाव तरी आहे का? देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, एवढंच आहे. दोन्ही अध्याय एकत्र वाचायचे असतात. तुम्ही फुंकरीचा दुसरा तेवढा धरून बसलात."

मास्तरांनी हात तसेच पिठात ठेवले. मग ते तडक घरी गेले.

सून भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"पोरी, नाव ठेवू या आपण."

"कोणाचं, बाबा?"

"तुझ्या लेकीचं."

"गोळ्याचं नाव ठेवतात होय?" टोमणा नव्हता तो. पाठ केलेला धडा म्हणावा तशी ती म्हणाली.

मास्तर खाटेच्या कडेला टेकले. "चुकलं माझं. अगं, उजेड, पाणी, झाडंझुडपं, सगळं देवानं नुसतं बोलून केलं. माणसाला मात्र हातानं घडवलं. हात लागला तेव्हाच माणूस देवाचा झाला, फुंकर मागाहून आली. जन्मभर मैदा मळला मी, आणि ते हातच विसरलो."

ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत? नर्स दाखवत होती, बाबा. मीच म्हटलं, नको, घेऊन जा."

तिनं तोंड त्यांच्याकडं वळवलं. "केस होते का हो तिला?"

दवाखान्यापासून कुंपणापर्यंत त्यांनी तिला छातीशी धरून नेलं होतं. स्वतःच्या हातानं खड्ड्यात ठेवलं होतं. फडक्याचं टोक तेवढं उचललं नव्हतं.

"मीपण नाही बघितलं, पोरी."

तिच्या अंगावरचा झगा दुधानं भिजत चालला होता.